परदेशी जाताना चूर्ण, गोळ्या, प्रोटीन पावडर: कस्टमला काय चालतं, काय अडतं

ओसरी

आई-बाबा डिसेंबरमध्ये तीन महिन्यांसाठी मेलबर्नला भावाकडे जाणार आहेत. जाताना सिंगापूरला दोन रात्री मुक्काम आहे, म्हणजे तिथे बॅगा ताब्यात घेऊन बाहेर पडायचं आहे. सोबत न्यायच्या गोष्टी अशा: अश्वगंधा चूर्ण अर्धा किलो, च्यवनप्राश 1 किलो, डी-3, बी-12 आणि कॅल्शियमच्या गोळ्या, फिश ऑइलच्या कॅप्सूल, आरोग्यवर्धिनी, वैद्यांनी पुड्या बांधून दिलेलं चूर्ण, बाबांची व्हे प्रोटीन (1 किलोचा डबा, फोडलेला). वहिनी बाळंत होणार आहे म्हणून तिच्यासाठी शतावरी कल्प, अहळीव आणि डिंकाचे लाडू.

यातलं किती नेता येतं, काय मुळीच नेऊ नये आणि विमानात जे कार्ड भरायला देतात त्यावर काय लिहायचं, हे नेमकं हवं आहे.

यारातीर

ऑस्ट्रेलियापुरतं आधी एक लक्षात घ्या. तिथे 'सप्लिमेंट' नावाचा वेगळा रकाना नाही. तुमची प्रत्येक बरणी दोन चाळण्यांतून जाते. पहिली औषधाची. तिचे नियम टीजीए, म्हणजे थेराप्युटिक गुड्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, ठरवतं. दुसरी जैवसुरक्षेची. ती शेतीखात्याची. एका चाळणीतून गेलेली वस्तू दुसरीत अडकू शकते. च्यवनप्राश औषध म्हणून चालेलही, पण त्यात मध आणि तूप आहे म्हणून तो दुसऱ्या चाळणीखाली येतोच.

औषधाचा नियम सोपा आहे. स्वतःसाठी किंवा सोबत प्रवास करणाऱ्या जवळच्या कुटुंबीयासाठी, लेबलवरच्या जास्तीत जास्त मात्रेच्या हिशेबाने तीन महिने पुरेल इतकं. मूळ वेष्टनात, लेबलसकट. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध असेल तर चिठ्ठी किंवा डॉक्टरांचं इंग्रजी पत्र जवळ हवं.

यातले 'सोबत प्रवास करणाऱ्या' हे शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. वहिनी मेलबर्नमध्येच आहे. तिच्यासाठी आई-बाबांनी नेलेला शतावरी कल्प या सवलतीत बसत नाही. तिला तो स्वतःच्या नावावर टपालाने मागवता येतो, त्यासाठी वैयक्तिक आयातीची वेगळी योजना आहे. एका वेळी तीन महिन्यांपुरतं आणि बारा महिन्यांत मिळून पंधरा महिन्यांच्या मात्रेहून जास्त नाही. पण टपालाने आलेल्या पाकिटालाही जैवसुरक्षेची चाळणी लागतेच.

कार्डाबद्दल. पहिलाच प्रश्न निषिद्ध किंवा निर्बंध असलेल्या वस्तूंचा आहे आणि त्यात 'औषधं' हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. साध्या बी-12 साठीसुद्धा तिथे 'हो' करा. मांस, मासे, अंडी, दुग्धजन्य पदार्थ यांचा प्रश्न वेगळा आहे. धान्य, बिया, सुकामेवा, वनस्पतींचे भाग यांच्या प्रश्नात 'पारंपरिक औषधं किंवा वनौषधी' असंही लिहिलेलं आहे. तुमच्या यादीला या तिन्ही ठिकाणी 'हो' येतं.

सह्यवाट

सगळीकडे 'हो' केलं तर लांब रांगेत उभं राहावं लागतं आणि बॅगा उघडतात. सीलबंद गोळ्यांना कोणी विचारत नाही. 'नाही' करून सरळ निघावं, असं माझं मत.

यारातीर

सह्यवाट, हा सल्ला कृपया कोणी पाळू नका. वस्तू जाहीर केली आणि ती नियमात बसली नाही तर अधिकारी ती काढून घेतात, किंवा तुमच्या खर्चाने प्रक्रिया करून वा परत पाठवून देण्याचा पर्याय देतात. दंड होत नाही. जाहीर न करता सापडली तर तीच वस्तू खोटं निवेदन ठरते. जागेवर हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाचा व्हिसा विमानतळावरच रद्द होऊ शकतो. 2019 पासून तसे व्हिसा रद्द झालेले आहेत. सत्तरीच्या माणसांना रांगेतली वीस-तीस मिनिटं वाचवण्यासाठी हा धोका पत्करायला लावणं बरोबर नाही.

रांगेचा त्रास कमी करायचा असेल तर सगळ्या खाण्याच्या आणि औषधाच्या वस्तू एकाच बॅगेत, सगळ्यात वर ठेवा. त्यावर इंग्रजीत छापील यादी: वस्तूचं नाव, घटक, किती ग्रॅम किंवा किती गोळ्या, कोणासाठी. अश्वगंधेपुढे 'विथानिया सोम्निफेरा' असं शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहा. अधिकाऱ्याच्या संगणकात वनस्पती त्याच नावाने सापडते. व्हीलचेअर घेतली असेल तर मदतनीसाला सांगून ठेवा की जाहीर करायच्या वस्तू आहेत, नाहीतर तो घाईने दुसऱ्या रांगेत नेतो.

बिल्वपत्र

आता बाटलीचं लेबल कसं वाचायचं ते सांगतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या या वस्तूंचे दोन गट आहेत. लेबलवर एफएसएसएआयचं, म्हणजे भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, चिन्ह आणि 14 आकडी परवाना क्रमांक असेल तर ती कायद्याने खाद्यवस्तू आहे. बहुतेक मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन, फिश ऑइल यात येतात. 'आयुर्वेदिक औषध' असं लिहून औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक दिलेला असेल तर ते औषध. कार्ड भरताना आणि प्रश्नांना उत्तर देताना आपली वस्तू कुठल्या गटातली हे माहीत हवं. बरणीवर औषध लिहिलेलं आणि तोंडाने 'फूड, फूड' म्हटलं तर संशय वाढतो.

दुसरी खूण जास्त महत्त्वाची आहे. 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी इंग्रजी आणि हिंदीतली सूचना बाटलीवर आहे का बघा. औषध नियमांच्या ई-1 परिशिष्टातला घटक असेल तर पोटात घ्यायच्या औषधावर ती सूचना छापणं सक्तीचं आहे. या परिशिष्टात पारा, हिंगुळ, हरताळ, मनशीळ, बचनाग, धोत्रा, कुचला, भांग आणि अफू हे सगळं येतं. ती सूचना दिसली की ती बाटली परदेशी न्यायच्या ढिगातून बाजूला काढा. घटकांचं एकेक नाव वाचता आलं नाही तरी हा निकष पुरतो.

आरोग्यवर्धिनी याच ढिगातली. तिच्यात कज्जली आहे, म्हणजे पारा आणि गंधक. शिवाय लोह, अभ्रक आणि ताम्र भस्म. आणि बाकी सगळ्या घटकांच्या वजनाइतकी कुटकी. कुटकी ही धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराबद्दलच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. विक्रीसाठी तयार, सीलबंद मालाला तिच्या बाबतीत सूट आहे, सुट्या मुळ्यांना नाही. पण पाऱ्याला असा काही आडोसा नाही. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि कॅनडा या तिन्ही देशांच्या आरोग्य यंत्रणांनी आयुर्वेदिक गोळ्यांतलं शिसं, पारा आणि आर्सेनिक यांबद्दल इशारे दिलेले आहेत.

हेच सूतशेखर, लक्ष्मीविलास आणि त्रिभुवनकीर्ती यांना लागू. नावाच्या शेवटी 'रस' आला की घटक तपासायचे. महायोगराज गुग्गुळात भस्मं असतात, साध्या योगराज गुग्गुळात नसतात. त्यामुळे पर्याय हवा असेल तर वैद्यांना आधीच विचारून ठेवा, ते बदलून देतात.

पुड्यांतलं चूर्ण नेऊ नका. ते कितीही निर्मळ असलं तरी लेबल नाही, घटक नाहीत, बॅच क्रमांक नाही. पांढरी किंवा तपकिरी पूड कागदात बांधलेली, हे कुठल्याही देशाच्या कस्टमला सगळ्यात अवघड वाटणारं सामान आहे. वैद्यांकडून त्याच घटकांचं कंपनीचं सीलबंद चूर्ण लिहून घ्या आणि सोबत लेटरहेडवर इंग्रजी चिठ्ठी. पासपोर्टवरचं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं.

वेलदोडा

आरोग्यवर्धिनीत पारा असला तरी तो शोधित असतो ना? तो घातक नाही असं आयुर्वेद सांगतो.

बिल्वपत्र

वेलदोडा, शास्त्रातला तो मुद्दा मी नाकारत नाही. पण प्रयोगशाळेतलं यंत्र फक्त मूलद्रव्य मोजतं. शोधित की अशोधित हे त्याला कळत नाही. आपल्या आयुष खात्यानेही 1 जानेवारी 2006 पासून निर्यातीच्या निव्वळ वनस्पतीज औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची केली. त्यात पाऱ्याची मर्यादा दशलक्षात 1 भाग आहे, शिशाची 10. कज्जली घातलेली गोळी त्या आकड्याच्या आसपासही येऊ शकत नाही, कारण पारा तिथे भेसळ नसून मुख्य घटक आहे.

दर्यावर्दी

सिंगापूरचे दोन दिवस सगळ्यांनी सोडून दिलेत. इथे खरी अडचण औषधांची नाही. स्वतःच्या वापराची औषधं तीन महिन्यांपुरती तिथेही चालतात.

अडचण डिंकाच्या लाडवांची आहे. त्यात खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि त्यावर मॉर्फिनचा अंश राहतो. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती या दोन्ही ठिकाणी खसखशीवर बंदी आहे. आपल्याकडे किराणा दुकानात पुडीतून मिळणारी वस्तू तिथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली जाते. लाडवात भाजून घातली तरी ती खसखसच. तयार मसाल्याच्या पाकिटांचे घटकही वाचा, गोड्या मसाल्यात आणि काही मटण मसाल्यांत ती असते.

दुबई-अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांनी 'आम्ही तर नुसते विमान बदलणार' म्हणून निश्चिंत राहू नये. ताब्यात असणं हाच गुन्हा असलेल्या वस्तूंना ट्रान्झिटची सूट नसते. भांग असलेली औषधंही त्यात आली. जातिफलादि चूर्णात भांग असते, आणि नावावरून ते जायफळाचं पाचक चूर्ण वाटतं. हे अतिशय जपून. या देशांत भांगेच्या बाबतीत 'माहीत नव्हतं' या उत्तराने सुटका होत नाही.

ओसरी

सगळ्यांचे आभार. आरोग्यवर्धिनी, पुड्या आणि लाडू यादीतून काढले. तीन महिन्यांची मात्रा नेमकी कशी मोजायची? आणि व्हे प्रोटीन व अहळिवाबद्दल कोणी बोललं नाही.

यारातीर

मोजणी लेबलवरून. अश्वगंधा चूर्णावर समजा '3 ते 6 ग्रॅम दिवसाला' लिहिलं आहे. वरचा आकडा घ्यायचा: 6 ग्रॅम × 90 दिवस = 540 ग्रॅम. म्हणजे एका माणसाला अर्धा किलो बसतं. दोघंही घेत असतील तर दोघांच्या बॅगांत अर्धं अर्धं ठेवा, एकाच बॅगेत किलोभर नको. बी-12 ची गोळी रोज एक असेल तर 90 गोळ्या. कॅल्शियम दिवसाला दोन असेल तर 180. 'एकावर एक मोफत' म्हणून घेतलेली जास्तीची बाटली घरी ठेवा.

गोळ्या आठवड्याच्या खणाच्या डबीत भरून नेणं ही सर्रास होणारी चूक आहे. डबी रिकामी न्या, तिथे पोचल्यावर भरा. स्ट्रिप कापून नेली तर नाव, बॅच आणि मुदत असलेला तुकडा कापला जातो. खोकी जागा खातात म्हणून काढायची असतील तर किमान सपाट करून स्ट्रिपभोवती रबरबँडने बांधा.

व्हे म्हणजे दुधाची निवळी, आणि भारतात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग आहे. ऑस्ट्रेलिया या रोगापासून मुक्त आहे आणि दुधाच्या पदार्थांवरची त्यांची कडक नजर मुख्यतः याच कारणाने आहे. पेढे-बर्फी काढून घेतात तेही त्यामुळेच. फोडलेला व्हेचा डबा नेण्यात काहीच फायदा नाही. मेलबर्नच्या कुठल्याही सुपरमार्केटात प्रोटीन मिळतं. प्रवासापुरतं हवं असेल तर सोया किंवा वाटाणा प्रोटीनचा लहान सीलबंद डबा, आणि तोही जाहीर करून.

गवतीचहा

अहळिवाचं मी सांगते. तिथे पहिला प्रश्न असतो: हे पेरलं तर उगवेल का? अहळीव दोन दिवसांत उगवतात. अख्ख्या बियांबाबत दुसरी भीती खापरा भुंगेऱ्याची. साठवणीच्या धान्यातली ही कीड एकदा शिरली की निघत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियाने 2020 मध्ये प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरे, जिरे, धने, शेंगदाणे अशा अनेक कच्च्या जिनसांना सरसकट बंदी केली. तेव्हा बाळंतिणीचं सामान बांधताना अख्ख्या बिया नकोतच. तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांत अहळीव आणि डिंक मिळतो. लाडू तिथेच वळावेत. आईंच्या हातचेच होतील, आणि ताजे.

बडीशेप, ओवा, तीळ घातलेल्या घरगुती मुखवासालाही हाच विचार लावा.

पूर्वरंग

च्यवनप्राशाचं थोडं. तो केबिन बॅगेत चालत नाही. सुरक्षा तपासणीत जेल धरतात आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाला 100 मिलीची मर्यादा आहे. किलोचा डबा मोठ्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी आणि दोन पिशव्या. आणि फोडलेला नको.

मेलबर्नहून पुढे पर्थला जाणार असाल तर मध असलेल्या वस्तू सोबत नेऊ नका. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचे मधाबाबतचे नियम वेगळे आणि कडक आहेत, आणि ते देशांतर्गत प्रवासालाही लागू होतात. न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी तर मध, रॉयल जेली, प्रोपोलिस, परागकण यांतलं काही असलेली कॅप्सूल घरीच ठेवावी. तिथे धोक्याची वस्तू जाहीर केली नाही तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे.

निळीशाई

या धाग्यावर इतर देशांचे लोक येतील म्हणून भर घालतो.

अमेरिकेत मेलाटोनिन (झोपेसाठी घेतात ते) आणि डीएचईए (एक हार्मोन) किराणा दुकानात मिळतात, म्हणून लोक ती निरुपद्रवी समजतात. मेलाटोनिन ब्रिटनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध आहे. ऑस्ट्रेलियातही तसंच, फक्त 55 वर्षांवरच्यांना काही प्रकार फार्मासिस्टकडून मिळतो. डीएचईए तर ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय आयात करता येत नाही आणि ब्रिटनमध्ये नियंत्रित पदार्थ आहे. अमेरिकेतल्या मुलाने दिलेली बाटली घेऊन तिथून तिसऱ्या देशात जाताना हे बघायलाच हवं. जिमवाल्यांच्या 'प्री-वर्कआउट' भुकटीत डीएमएए हे उत्तेजक द्रव्य असेल तर ती ऑस्ट्रेलियात 2012 पासून बंद आहे. इफेड्रा (मा-हुआंग) ही उत्तेजक वनस्पती अमेरिकेने 2004 मध्ये सप्लिमेंटमधून हद्दपार केली.

अमेरिकेला जाणाऱ्या विमानात केबिन बॅगेत 350 मिलीपेक्षा जास्त पावडर असेल तर ती वेगळी काढून तपासतात, आणि समाधान झालं नाही तर विमानात नेऊ देत नाहीत. प्रोटीन, सत्त्व, नाचणीचं पीठ सगळं मोठ्या बॅगेत टाका.

जपानचा हिशेब वेगळा आहे: चिठ्ठीची औषधं एक महिन्यापुरती, जीवनसत्त्वं आणि चिठ्ठीविना मिळणारी औषधं दोन महिन्यांपुरती. जास्त हवं तर 'युन्यू काकुनिन-शो' हे आयात-पुष्टीपत्र निघण्याआधी घ्यायचं. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांवर असेल तर ती तिथे नेता येत नाही. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियात चालणारी तीच बरणी कोपनहेगनला नेऊ नका.

मोडीलिपी

परतीचं राहिलं. ऑस्ट्रेलियातून येताना सगळेच फिश ऑइल आणि व्हिटॅमिनच्या मोठ्या बाटल्या आणतात. भारतात औषधांबाबत 1945 च्या औषध नियमांतला नियम 36 आहे: प्रवाशाच्या सामानात स्वतःच्या वापरासाठी 100 सरासरी मात्रांपर्यंत परवाना लागत नाही. त्याहून जास्त असेल तर 12-अ नमुन्यात अर्ज करून परवाना घ्यायचा. खाद्यवस्तू म्हणून येणाऱ्या सप्लिमेंटना बॅगेजच्या एकूण किमतीची सवलत लागते. 2016 च्या नियमांत ती 50,000 रुपये होती. आकडा बदलतो, म्हणून निघण्याआधी सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, संकेतस्थळावर चालू मर्यादा बघा. जास्त असेल तर कस्टमच्या 'अतिथी' अ‍ॅपवर आधीच जाहीर करून लाल मार्गाने (जाहीर करायच्या वस्तू असणाऱ्यांची रांग) बाहेर पडा.

एकाच प्रकारच्या वीस बाटल्या 'नातेवाइकांना वाटायला' म्हणून आणल्या तर किंमत सवलतीत बसूनही तो व्यापारी माल धरला जाऊ शकतो. बिलं जवळ ठेवा. बिल नसेल तर किंमत अधिकारी ठरवतात.

ओसरी

सुधारलेली यादी अशी. मोठी बॅग: अश्वगंधा 500 ग्रॅम सीलबंद, च्यवनप्राश सीलबंद, डी-3, बी-12, कॅल्शियम आणि फिश ऑइल 90 दिवसांचं मूळ वेष्टनात, वैद्यांनी लिहून दिलेलं कंपनीचं चूर्ण. केबिन बॅग: बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि इंग्रजी चिठ्ठी. शतावरी कल्प वहिनी स्वतःच्या नावावर मागवेल. बरोबर ना?

यारातीर

बरोबर. दोन गोष्टी अजून बघा. डी-3 ची ती साठ हजार युनिटची आठवड्याला एक घ्यायची गोळी असेल तर 90 दिवसांना 13 गोळ्या होतात, 90 नव्हे. आणि चिठ्ठीवर औषधाच्या कंपनी-नावासोबत मूळ द्रव्याचं नावही लिहून घ्या. भारतातली ब्रँडची नावं तिथल्या अधिकाऱ्याला ओळखू येत नाहीत.